निळ्या ठिपक्यांच्या माशीचं नाव कुठपर्यंत सांगता येतं?

वाचकांचे प्रश्न : बागेतले कीटक

पावसाळा ओसरला की या सदराकडे येणारी बरीच पत्रं मधमाश्यांच्या भाईबंदांबद्दल असतात. यंदा नागपूर आणि आसपासच्या वाचकांनी अशा माश्यांबद्दल विचारलं आहे ज्या स्वतः घरटं बांधत नाहीत, पराग गोळा करत नाहीत आणि दुसऱ्या एकट्या राहणाऱ्या माशीने पिल्लांसाठी साठवलेल्या शिध्यावर आपली पिल्लं वाढवतात. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते, तसाच हा प्रकार; म्हणून आपण त्यांना कोकीळमाश्या म्हणू. उत्तरांत ‘प्रजाती’ हा शब्द वरच्या गटासाठी आणि ‘जाती’ हा त्यातल्या एकेका प्रकारासाठी वापरला आहे.

प्रश्न : नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या वाड्याची मागची भिंत मातीची आहे. तिच्यात निळ्या पट्ट्यांच्या माश्यांनी भोकं केली आहेत. सप्टेंबरपासून तिथे दुसरीच एक काळी, फिक्या निळ्या ठिपक्यांची माशी घिरट्या घालते. तिच्या पायाला पराग कधी दिसला नाही. मोबाइलच्या अ‍ॅपने ‘थायरियस निटिड्युलस’ असं नाव सांगितलं. ते बरोबर का? दोन फोटो पाठवत आहे.

पहिला शब्द बरोबर, दुसरा नाही. तुमची माशी थायरियस प्रजातीचीच आहे. पण निटिड्युलस ही जाती ऑस्ट्रेलिया आणि त्याच्या जवळच्या बेटांच्या बाजूची. तिचे सुरेख फोटो इंटरनेटवर भरमसाट आहेत, आणि अ‍ॅप फोटोशी फोटो जुळवतं. काळ्या अंगावर निळे ठिपके दिसले की ते सगळ्यात जास्त फोटो असलेल्या नावावर जाऊन थांबतं. नागपूरच्या माशीला ते नाव चिकटवलं की पुढचा माणूस तीच नोंद पुरावा म्हणून धरतो आणि चूक पसरत जाते. तुमच्या फोटोंवरून आज लिहायचं ते एवढंच : ‘थायरियस, जाती अनिश्चित’. ही अर्धवट नोंद नव्हे. पुरावा जिथवर जातो तिथवर नेलेली ती पूर्ण नोंद आहे.

प्रजाती कशावरून ठरली ते सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हालाच ठरवता येईल. रंगाकडे सगळ्यात शेवटी बघा. आधी पाठीवर, दोन्ही पंखांच्या मुळांच्या मध्ये बघा. वक्षाच्या मागच्या टोकाला जो उंचवटा असतो त्याला स्क्युटेलम म्हणतात. साध्या मधमाशीत तो गोलसर, फुगीर असतो. थायरियसमध्ये तो चपट्या फळीसारखा मागे सरकलेला असतो, पोटाच्या सुरुवातीवर छज्जा काढावा तसा. फळीच्या मागच्या कडेला मधोमध खाच असते, दोन्ही कोपरे टोकदार असतात आणि खाचेतून पांढऱ्या केसांचा झुपका डोकावतो. तुमच्या दुसऱ्या फोटोत हा झुपका स्पष्ट आहे. आपल्याकडे दिसणाऱ्या माश्यांपैकी ही खूण आणि हे ठिपके दुसऱ्या कुणात एकत्र सापडत नाहीत.

मग मागचा पाय. निळ्या पट्ट्यांची माशी, म्हणजे अमेगिला, हिच्या मादीच्या मागच्या पायांवर लांब केसांचा दाट ब्रश असतो आणि त्यात पराग भरलेला दिसतो. थायरियसच्या पायावरचे केस आखूड आणि अंगाला चिकटून बसलेले असतात. नळीसारख्या भागावर पांढुरका किंवा निळसर डाग असतो, ब्रश नसतो. पण ‘पराग दिसला नाही’ एवढ्यावर कोकीळमाशी ठरवू नका. कोणत्याही माशीचा नर पराग नेत नाही, आणि नुकतीच घरट्यातून निघालेली अमेगिला मादीही रिकाम्या पायाची असते. बघायचं ते पराग आहे की नाही हे नव्हे, पराग धरणारा ब्रश आहे की नाही हे.

तिसरी गोष्ट पोटावरची. अमेगिलाच्या पोटावर आडवे, सलग पट्टे असतात. थायरियसच्या पोटावर दोन्ही बाजूंना सुटे ठिपके असतात आणि मधला भाग काळा राहतो. हे ठिपके म्हणजे अंगाला घट्ट चिकटलेल्या बारीक केसांचे पुंजके. ते झिजतात. जुन्या माशीचे काही ठिपके पुसट होतात, निळ्याचा पांढरा दिसतो, आणि कॅमेऱ्याच्या फ्लॅशमध्ये पांढराही निळसर दिसतो. म्हणून रंगाच्या छटेवर भर देऊन जाती ठरवायला गेलात तर हमखास फसाल.

भिंतीपाशी आणखी एक पाहुणी येते जिच्यामुळे घोटाळा होतो : चकचकीत हिरवी-निळी, अंगभर खड्डे असलेली छोटी गांधीलमाशी. ती कोकीळवृत्तीचीच आहे, पण मधमाशी नाही. तिचं सगळं अंग धातूसारखं चमकतं आणि छेडलं तर ती पोट आत वळवून गोळा होते. थायरियसचा काळा रंग मंद असतो.

आता जातीकडे. भारतातून थायरियसच्या अनेक जाती नोंदल्या आहेत. त्यांत हिस्ट्रिओ, रामोसस, सिलोनिकस, मसुरी ही नावं वाचायला मिळतील. हिस्ट्रिओचं वर्णन फॅब्रिशियसने 1775 मध्ये केलं, रामोससचं लपेलतिए यांनी 1841 मध्ये. बिंगहॅम यांच्या 1897 च्या भारतीय खंडात या माश्या ‘क्रोसिसा’ या प्रजातीनावाखाली सापडतील, तेव्हा जुन्या पुस्तकात थायरियस मिळालं नाही तर क्रोसिसा शोधा. आशियातल्या जातींची नीट छाननी लीफटिंक यांनी 1962 मध्ये लेइडनहून प्रसिद्ध केली आणि आजही तिच्यावाचून काम होत नाही. तिच्यातल्या किल्ल्यांमध्ये, म्हणजे एकेक प्रश्न सोडवत जातीपर्यंत नेणाऱ्या तक्त्यांमध्ये, विचारलेल्या गोष्टी अशा : पोटाच्या पहिल्या खंडावरचा डाग चौकोनी की काटकोनात वळलेला; दुसऱ्या खंडावरचा डाग एक की दोन तुकड्यांत; वक्षाच्या पाठीवर किती ठिपके आणि ते कुठे; स्क्युटेलमची खाच उथळ की खोल; मागच्या पायाच्या नळीवरचा पांढरा भाग किती लांब; नराच्या शृंगिका आणि मागच्या मांडीचा आकार; आणि शेवटी नराचे जननावयव. तुमच्या दोन्ही फोटोंत पहिला खंड पंखाखाली झाकला गेला आहे. म्हणजे पहिल्याच प्रश्नाला उत्तर नाही.

वर्गीकरणाच्या वरच्या पायऱ्यांवर फार अडू नका. गण हायमेनॉप्टेरा, कुल एपिडी, गट मेलेक्टिनी, एवढं पक्कं. जुन्या पुस्तकांत हा गट एपिनी उपकुलात दिसेल. जनुकीय अभ्यासांनंतर तो नोमाडिनी उपकुलात हलवला आहे. तुमच्या नोंदवहीत प्रजातीचं नाव बरोबर असेल तर उपकुल बदललं तरी काही बिघडत नाही.

प्रश्न : मग फोटो कसे काढू म्हणजे जातीपर्यंत जाता येईल? माशी एका जागी थांबतच नाही. (त्याच वाचकांचा पुढचा प्रश्न)

दिवसा तिच्या मागे धावू नका. संध्याकाळी ऊन उतरलं की थायरियस वाळक्या काडीला किंवा गवताच्या देठाला जबड्यांनी चावून धरते, पाय पोटाशी घेते आणि रात्रभर तशीच लटकून राहते. तुळस, सब्जा, एकदांडी, तरोटा यांच्या आसपासच्या काड्या सूर्यास्ताला चाळा. जागा सापडली की दुसऱ्या दिवशी पहाटे, अंग तापून ती हालचाल करण्याआधी, सावकाश फोटो घ्या. अमेगिलाचे नरही असेच काड्यांना चावून झोपतात, कधी कधी त्याच काडीवर, म्हणून प्रत्येक माशीचे फोटो वेगळे ठेवा आणि एकीचे ठिपके दुसरीच्या नावावर घालू नका.

मोबाइलला लावायची छोटी मॅक्रो लेन्स पुरते. बरोबर वरून, पंख बाजूला असतील तेव्हा एक. बाजूने एक, ज्यात पोटाचे सगळे खंड मोजता येतील. स्क्युटेलमचा मागून-वरून एक. मागच्या पायाच्या बाहेरच्या बाजूचा एक. चेहऱ्याचा समोरून एक. आणि पंखातल्या शिरांचा एक. पंखाच्या फोटोत पुढच्या पंखाच्या वरच्या कडेच्या मोठ्या कप्प्याखाली ओळीने किती छोटे कप्पे लागून आहेत ते मोजा : थायरियसमध्ये तीन. पुढे बांबूच्या नळ्यांच्या प्रश्नात हा आकडा उपयोगी पडेल.

फ्लॅशवर पातळ पांढरा कागद किंवा टिशू धरा, नाहीतर ठिपके पांढरे भडक येतात आणि कडा जळतात. मापासाठी माशीशेजारी नाणं धरायला गेलात तर ती उडेल. आधी फोटो घ्या, मग तीच काडी त्याच अंतरावरून प्लास्टिकच्या पट्टीसह टिपा. अंगाची लांबी साधारण 10 ते 14 मिलिमीटरच्या आसपास यावी.

नर की मादी हेही फोटोवरूनच कळू शकतं : शृंगिकेचे भाग मोजा. मादीला 12, नराला 13. पोटाचे वरून दिसणारे खंड मादीला सहा, नराला सात. हे न लिहिता पाठवलेला फोटो तज्ज्ञालाही अर्धाच उपयोगी, कारण किल्ल्यांमध्ये नर-मादीच्या वाटा वेगळ्या असतात.

प्रश्न : मी नागपूरला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी थायरियसचे नमुने करायचे आहेत. कॉलेजात पिना आणि एक मायक्रोस्कोप आहे. मागच्या महिन्यात केलेल्या दोन नमुन्यांचे ठिपके ओले होऊन चिकटले आणि काहीच ओळखू येत नाही. काय चुकलं? आणि किती माश्या धराव्यात?

आकड्यापासून सुरू करू. कोकीळमाश्या सहसा यजमानापेक्षा, म्हणजे जिच्या घरट्यात त्या वाढतात त्या माशीपेक्षा, कमी असतात. एका जागेतून एक नर आणि एक मादी पुरे. बाकीच्यांचे फोटो घ्या. अंबाझरी जैवविविधता उद्यान, गोरेवाडा, सेमिनरी हिल्स अशा वनविभागाच्या जागेत जाळी फिरवण्याआधी लेखी परवानगी घ्या. कॉलेजची बाग किंवा घराची भिंत असेल तर मालकाची.

चुकलं ते बहुधा माशी मारायच्या बाटलीत. इथिल अ‍ॅसिटेट कापसावर जास्त ओतलं किंवा माशी त्यात फार वेळ राहिली की आतला ओलावा केसांवर बसतो. इतर माश्यांना त्याचं फारसं बिघडत नाही, पण थायरियसची जाती जिथे लिहिलेली असते तो ठिपकाच केसांचा असतो. तळाशी पाच-सहा थेंब, त्यावर कापूस, कापसावर पुठ्ठ्याची गोल चकती आणि वर टिशू पेपरच्या चुरगळलेल्या पट्ट्या. पट्ट्या ओलावा पितात आणि माशी घसरत नाही. एका बाटलीत एकच माशी ठेवा. दोन टाकल्या तर एकमेकींच्या अंगावरचे केस घासून जातात. साधारण तासाभरात काढा. नागपूरच्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर बाटली ठेवू नका : आत पाणी सुटतं आणि तेच होतं. सगळ्यात सोपा आणि स्वच्छ मार्ग म्हणजे कोरड्या डबीत टिशूसह माशी ठेवून डबी चोवीस तास फ्रीझरमध्ये. बाहेर काढल्यावर डबी बंदच ठेवा, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा. लगेच उघडली तर हवेतलं पाणी थंड माशीवर जमतं.

चिकटलेले दोन नमुने वाया गेले असं समजू नका. स्वच्छ 70 टक्के अल्कोहोलमध्ये काही मिनिटं हलकेच धुवा, टिशूवर टिपा, मग हेअर ड्रायरच्या मंद, कोमट हवेत मऊ ब्रशने केस शेपटाच्या दिशेने मोकळे करा. बरेच ठिपके परत दिसतात. अल्कोहोलमध्ये मात्र कायमचे ठेवू नका. डीएनएसाठी मधल्या जोडीतला एक पाय काढून 95 टक्के इथेनॉलच्या छोट्या नळीत ठेवा, नळीला आणि माशीला एकच क्रमांक द्या, आणि माशी कोरडीच टोचा. बारकोडिंगसाठी, म्हणजे डीएनएवरून जाती ओळखण्यासाठी, वापरतात तो सीओआय जनुकाचा तुकडा 658 बेसचा असतो, आणि एका पायातून तो सहसा मिळतो. पण जुळणी करायला तुलनेचा नमुना नीट ओळखलेला हवा. ज्याच्याशी जुळवायचं त्याचंच नाव चुकलेलं असेल तर बारकोड तीच चूक पुढे नेतो.

पिन क्रमांक 2 किंवा 3, वक्षाच्या पाठीत, मध्यरेषेच्या किंचित उजव्या बाजूला. मधोमध टोचलीत तर ठिपक्यांच्या मांडणीतला मधला ठिपका नाहीसा होतो, आणि स्क्युटेलमच्या फळीतून तर कधीच टोचू नका. पंख थोडे वर उचलून ठेवा म्हणजे पोटाचा पहिला खंड उघडा राहतो. सुकेपर्यंत दोन बाजूंनी आडव्या पिना आधाराला लावा.

नर असेल तर टोचल्यावर लगेच, अंग मऊ असतानाच, टोकाला बारीक वळवलेल्या पिनेने पोटाच्या शेवटातून जननावयव बाहेर ओढा. सुकून गेला असेल तर झाकणबंद डब्यात ओलसर वाळूवर जाळी घालून एक दिवस ठेवा. वाळूत फिनॉलचे एक-दोन थेंब टाका, नाहीतर बुरशी येते. पोटाच्या खालच्या बाजूचे सातवा आणि आठवा खंड (अधरखंड) आत दडलेले असतात, तेही काढा. जातीभेदाच्या खुणा तिथे असतात. मांसल भाग साफ करायला 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड, खोलीच्या तापमानाला काही तास. मग पाण्याने धुऊन ग्लिसरीनच्या सूक्ष्म नळीत, आणि ती नळी त्याच पिनेवर. पोटॅशियम हायड्रॉक्साइड कातडी आणि डोळे जाळतं, म्हणून हातमोजे आणि चष्मा घालूनच काम करा. तापवण्याची घाई केली तर पातळ भाग विरघळून जातात आणि जे बघायला आलात तेच उरत नाही.

लेबलाशिवाय नमुना म्हणजे नुसता मेलेला किडा. देश, राज्य, जिल्हा, जागा, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासून उंची (नागपूर शहरात ती साधारण 310 मीटर), तारीख, पकडणाऱ्याचं नाव. महिना रोमन अंकांत लिहा म्हणजे 9/10 हा नऊ ऑक्टोबर की दहा सप्टेंबर असा वाद राहत नाही. दुसऱ्या लेबलावर : कोणत्या फुलावर, कोणत्या यजमानाच्या भोकापाशी. ओळखीचं लेबल तिसरं आणि सगळ्यात खाली, त्यावर ओळखणाऱ्याचं नाव आणि वर्ष. कुणी पुढे ओळख बदलली तर तुमचं लेबल काढायचं नाही, खाली नवीन जोडायचं.

पेटीत नॅप्थलीन आणि सिलिका जेल ठेवा. पावसाळ्यात जेल निळ्याचं गुलाबी झालं की भाजून परत निळं करा. पेटीखाली बारीक भुकटी दिसली तर आत पोखरणारे भुंगेरे आहेत. पूर्ण पेटी आठवडाभर फ्रीझरमध्ये घाला. पक्क्या ओळखीसाठी भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुण्याच्या पश्चिम विभागीय केंद्राशी कॉलेजच्या विभागप्रमुखांच्या पत्राने संपर्क करा, आणि नमुना पाठवण्याआधी तुमचे फोटो पाठवा.

प्रश्न : काळी माशी खरोखर निळ्या पट्ट्यांच्या माशीच्याच घरट्यात अंडी घालते हे मी कसं सिद्ध करू? भोकात शिरताना दिसली, एवढं पुरेल का? (वरच्याच विद्यार्थिनीकडून)

पुरत नाही, पण चांगली सुरुवात आहे. भोकात शिरणाऱ्या सगळ्याच माश्या अंडं घालत नाहीत. काही रिकाम्या जुन्या भोकात डोकावून परत फिरतात. प्रत्येक भोकाला खडूने क्रमांक द्या आणि तीन वेळांची नोंद करा : यजमान बाहेर पडली ती वेळ, काळी माशी आत गेली ती वेळ, बाहेर आली ती वेळ. यजमान बाहेर असताना ती काही मिनिटं आत राहिली तर नोंद वजनदार.

आत काय होतं ते थोडक्यात. अमेगिला भोकाच्या आत मातीच्या कोठ्या करते, त्यांना आतून मेणासारखा पाणरोधक लेप देते, मध-परागाचा पातळसर काला भरते, अंडं घालते आणि कोठी बंद करते. थायरियसच्या गटातल्या माद्या बंद झालेल्या कोठीचं झाकण फोडतात, आत आपलं अंडं घालतात आणि भोक बुजवतात. तिच्या अळीला पहिल्या अवस्थेत कोयत्यासारखे लांब जबडे असतात. त्यांनी ती यजमानाचं अंडं किंवा अळी मारते आणि मग काला खाते. पुढच्या अवस्थांत हे जबडे राहत नाहीत, म्हणून उशिरा उघडलेल्या कोठीत अळीवरून ओळख पटवणं अवघड जातं.

भिंत खणू नका. सिद्ध करायचं असेल तर क्रमांक दिलेल्या भोकावर बारीक जाळीचं शंकू लावा, छिद्र 2 मिलिमीटरपेक्षा लहान, आणि टोकाला काचेची छोटी नळी. यजमानाचं येणं-जाणं पूर्ण थांबल्यावरच लावा, नाहीतर तिचंच काम बंद पाडाल. सकाळ-संध्याकाळ बघा. दुपारच्या उन्हात नळीत अडकलेली माशी थोड्याच वेळात मरते, म्हणून नळीवर पुठ्ठ्याची सावली बांधा. एकाच भोकातून अमेगिला आणि थायरियस दोन्ही निघाल्या तर यजमान कोण हा प्रश्न मिटला.

प्रश्न : हिंगण्याजवळ आमचं छोटं फार्महाउस आहे. बांबूच्या नळ्यांची जुडी लावली, तिच्यात गुलाबाची पानं कापून नेणाऱ्या माश्या राहायला आल्या. आता तिथे टोकदार शेपटीची काळी-पांढरी माशी येते. तो डंख आहे का? तिला हाकलावं का?

टोक आहे ते पोटाचंच, डंखाचं नाही. ही सीलिऑक्सिस, पानं कापणाऱ्या मेगाकाइलीची कोकीळमाशी. मादीचं पोट शंकूसारखं निमुळतं होतं आणि त्याच टोकाने ती यजमान माशी बाहेर गेलेली असताना पानांच्या आवरणाला चीर पाडून अंडं आत सरकवते. नराचं पोट बोथट असतं, पण शेवटी काट्यांची मोळी असते.

पक्की ओळख करायची तर 10 पटीचं भिंग घ्या आणि डोळे उजेडाविरुद्ध बघा. सीलिऑक्सिसच्या संयुक्त डोळ्यांवर आखूड केस असतात, मेगाकाइलीच्या डोळ्यांवर नसतात. स्क्युटेलमच्या दोन्ही बाजूंना काट्यासारखे टोकदार भाग असतात. पोट उलटं करून बघा : मेगाकाइली मादीच्या पोटाखाली परागाचा ब्रश असतो, हिला नसतो. आणि पंखात आता तो आकडा मोजा : इथे छोटे कप्पे दोन. तीन दिसले तर ती सीलिऑक्सिस नाही, कितीही टोकदार असली तरी.

हाकलू नका, दिवसभर उभं राहून हाकलणं जमतही नाही. पण जुडी मोठी केली की कोकीळमाश्यांना ती सापडणं सोपं होतं. पंचवीस नळ्यांची एक जुडी लावण्यापेक्षा पाच-पाचच्या जुड्या बागेत लांब लांब लावा. भोकाचा व्यास 6 ते 10 मिलिमीटर, खोली 15 सेंटिमीटरच्या आसपास, मागचं टोक गाठीने बंद, तोंड पूर्वेकडे, पाऊस आत येणार नाही असं छप्पर. काय निघतं ते बघायचं असेल तर भरलेल्या प्रत्येक नळीवर मलमलीची पिशवी बांधा आणि सावलीत टांगा. पिशवीत दोनच पंख आणि आखूड शृंगिका असलेलं काही सापडलं तर ती मधमाशीच नाही, तीही घरट्यांवर जगणारी केसाळ माशी आहे. आणि अगदी बारीक, हिरवट चमकणारं झुंड निघालं तर त्या परजीवी गांधीलमाश्या. त्यांची पिशवी उघड्यावर सोडू नका, कारण त्या बाकीच्या नळ्यांत शिरतात.

प्रश्न : घराच्या मुरमाच्या वाटेवर काळं डोकं आणि लाल पोट असलेल्या बारीक माश्या जमिनीलगत फिरतात. ह्याही कोकीळमाश्या का? (काटोल)

असू शकतील. लहान, 5 ते 10 मिलिमीटरची, वक्षावर खडबडीत खड्डे, अंगावर केस विरळ, मागच्या पायाला ब्रश नाही आणि जमिनीतल्या बारीक भोकांजवळ घिरट्या, तर स्फेकोडिस. ती हॅलिक्टिडी कुलातली आहे आणि त्याच कुलातल्या जमिनीत राहणाऱ्या माश्यांच्या घरट्यात शिरते. इथे अळीच्या आधी मादी स्वतःच यजमानाचं अंडं नष्ट करते, मग आपलं घालते. नराचं पोट बरेचदा काळपट असतं, त्यामुळे लाल नाही म्हणून वगळू नका.

लाल पोटाच्या शिकारी गांधीलमाश्याही अशाच वाटेवर फिरतात. 20 पटीच्या भिंगाखाली केस फांद्यांसारखे फुटलेले दिसले तर मधमाशी, साधे सरळ दिसले तर गांधीलमाशी. माशी चांगली मोठी असेल, पोट तांबडं आणि वक्षाच्या मागे पुढे आलेली फळी असेल, पंखात दोन कप्पे असतील, तर युआस्पिस. ती डिंक आणि माती वापरून घरटी करणाऱ्या मेगाकाइलींच्या मागावर असते. फोटो पाठवताना माशीचं माप आणि भोकाचा व्यास लिहा.

प्रश्न : आमच्याकडे सातेरी मधमाश्यांच्या दोन पेट्या आहेत. ठिपक्यांची काळी माशी पेटीजवळच्या सब्जावर येते. पेटीला धोका आहे का? आणि चावते का? (वर्धा रोड)

पेटीला नाही. थायरियसची नजर अमेगिला आणि तिच्या नातलगांच्या एकट्या घरट्यांवर असते. सातेरीच्या पोळ्यात तिची अळी वाढत नाही. सब्जावर ती फक्त मकरंद प्यायला येते. मादीला डंख आहे, बोटांत दाबली तर मारेल, पण घरट्याचं राखण करायचं नसल्याने स्वतःहून अंगावर येत नाही. नराला डंखच नाही. सब्जा राहू द्या. सूर्यास्ताला त्याच्या वाळक्या देठांवर बघा, आणि काडीला चावून लटकलेली माशी दिसली की तिचा वरून, बाजूने आणि मागच्या पायाचा असे तीन फोटो तारखेसह या सदराकडे पाठवा.